काल पाणी कमी आलं

"काल पाणी कमी आलं," सेक्रेटरीकाका म्हणाले.

सकाळचे सव्वासात. दारात काका, हातात पाच लिटरचा निळा कॅन, चेहऱ्यावर ग्राहक मंचात दाद मागायला आल्याचा भाव. माझ्या तोंडात टूथपेस्टचा फेस असल्यामुळे मला काही बोलता येईना. त्यांनी तो कबुलीजबाब धरला.

हे पाणी नळाचं नाही आणि टँकरचंही नाही. आमच्या बेडरूममध्ये एक डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र आहे, त्याच्या टाकीत जमणारं आहे. म्हणजे यंत्र माझं, वीज माझी, खोली माझी, आणि त्या खोलीच्या हवेतून निघालेलं पाणी कमी आलं म्हणून तक्रार यांची!

मागची हकीकत थोडक्यात सांगतो. आम्ही पुण्यात सहकारनगरात एका जुन्या बिल्डिंगच्या शेवटच्या मजल्यावर राहतो. वर थेट गच्ची. जुलै लागला की बेडरूमच्या पश्चिमेकडच्या भिंतीला ओल धरते, कपाटातल्या कोल्हापुरीवर पांढरी लव येते आणि धुतलेल्या टॉवेलला कुबट वास मारतो. म्हणून हे यंत्र घेतलं. ते दिवसभर घरघरतं आणि त्याच्या टाकीत पाणी साठतं. एकदा ती टाकी मोरीत रिकामी करताना काकांनी पाहिलं. मेंटेनन्सची पावती द्यायला आले होते.

"ओतता? चक्क ओतता?"

"मग काय करू?"

"अहो, इन्व्हर्टरसाठी मी डिस्टिल्ड वॉटर विकत आणतो!"

मी त्यांना नीट समजावलं, की हे डिस्टिल्ड नाही. हवेतली धूळ त्यात उतरते, आतल्या कॉइलच्या धातूचा अंश येतो, टाकीत जंतू वाढतात. फरशी पुसा, संडासात टाका, फुलझाडांना घाला. पिऊ नका आणि बॅटरीत तर मुळीच घालू नका. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे द्यायचं नाही, असं स्पष्ट सांगा ना."

पुण्यात या वाक्यावर उत्तर नसतं. दुसऱ्या दिवसापासून कॅन सुरू झाला. ते पाणी बॅटरीत जातं की तुळशीत, हे मी विचारलेलं नाही.

तर आज पुरवठा घटला म्हणून काका पाहणीला आले होते. "आत येऊ का?" हे त्यांनी बेडरूममध्ये पोचल्यावर विचारलं. आमचे चिरंजीव पलंगावर डोक्यावरून पांघरूण घेऊन झोपले होते. पांघरूण एकदा कण्हलं. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

काकांची सगळी नोकरी सरकारी धरणांच्या हिशेबात गेली, हे इथे सांगायला हवं. पावसाळ्यात सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी सहाला त्यांचा साठा येऊन पडतो. पूर्ण क्षमता खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, एकूण २९.१५ टीएमसी, म्हणजे अब्ज घनफूट, आणि खाली आजची टक्केवारी. वाचून सगळे अंगठा दाखवतात. मीही दाखवतो. पुणेकराला जुलैत दोनच गोष्टींची आच असते, या चार धरणांची साखळी किती भरली आणि नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली गेला का. भिडे पूल पाण्याखाली गेला की ज्यांना त्या पुलावरून कधीच जायचं नसतं, ते मुद्दाम तो बघायला जातात.

"क्षमता किती?" काकांनी यंत्राभोवती एक फेरी मारून विचारलं.

"दिवसाला बारा लिटर."

"येतं किती?"

"तीन. फार तर चार."

"म्हणजे तीस टक्के. बाकीचं मुरतं कुठे?"

मी सांगितलं की खोक्यावर बारा लिटर मोठ्या अक्षरात आहे आणि त्याची अट बारीक अक्षरात. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर बारा. पुण्यात पाऊस लागला की आमची खोली चोवीस-पंचविसावर येते. हवा जितकी गार, तितकी तिच्यात वाफ कमी मावते. मुळात वाफच कमी, तर यंत्र पाणी आणणार कुठून?

"म्हणजे कागदावरचं धरण," काका म्हणाले.

हे मात्र मला पटलं. दुकानदाराने हे सांगितलं नव्हतं. विचारल्यावर "सर, हे मॉडेल खूप चालतं" एवढंच म्हणाला होता.

मग काकांना यंत्राच्या पोटात काय चालतं ते हवं होतं. सांगितलं. पंखा खोलीतली हवा आत ओढतो. आत एक गार कॉइल असते. दमट हवा तिला लागली की तिच्यावर दव धरतं आणि ते खाली टाकीत ठिबकतं. तीच हवा पुढे गरम कॉइलवरून जाऊन कोरडी होऊन बाहेर पडते.

"म्हणजे एसीच की."

"एसी उष्णता खिडकीबाहेर टाकतो. हा खोलीतच ठेवतो. खोली थोडी तापते."

"पैसे देऊन उकाडा," काका म्हणाले आणि बोट खिडकीकडे वळलं. "ही उघडी कोणी ठेवली?"

खिडकी आमच्याकडे सौ. उघडतात. मोकळी हवा हवी म्हणून. ती मोकळी हवा जुलैत नव्वद टक्के ओली असते हे मी किती वेळा सांगावं? खिडकी उघडी राहिली की यंत्र खोली सोडून अख्खी तळजाईची टेकडी वाळवायला घेतं. पण हे वाक्य मी एकट्याने म्हटलं की तो माझा चक्रमपणा ठरतो, आणि आज काकांनी स्वयंपाकघरापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात "खिडकी बंद ठेवत चला" म्हटल्यावर आतून लगेच "हो काका" आलं. चहाही आला. काकांना.

मला खरं तर इथेच थांबायचं होतं. पण काकांनी वाकून टाकी ओढली, हलवून बघितली आणि परत ढकलली. लाल दिवा लागला. यंत्र बंद.

"भरली म्हणतंय. रिकामी तर आहे."

टाकी तिरकी बसली किंवा आतला तरंगता ठोकळा अडकला, की यंत्राला टाकी भरल्यासारखी वाटते. टाकी बाहेर काढून बघितली तर दोन्ही झालं होतं. ठोकळ्याच्या बिजागरीला गुलाबीसर बुळबुळीत थर धरला होता, बाथरूमच्या कोपऱ्यात धरतो तसला. काकांनी बोट लावून बघितलं, ते नाकाजवळ नेलं, आणि माझ्या टॉवेलला पुसलं. नंतर ते तो ठोकळाच उपटायला लागले.

"काका, तो काढू नका! त्यात लोहचुंबक आहे, तो निघाला तर यंत्र सुरूच होणार नाही."

"गाळ काढल्याशिवाय साठा वाढत नाही," काका म्हणाले. माझ्या टाकीला गाळ असण्यात त्यांना एक प्रकारचं समाधान दिसलं.

मग ती टाकी मी भांड्यांच्या साबणाने, जुन्या टूथब्रशने घासली. काका मोरीच्या दारात उभं राहून "कोपरा राहिला" सांगत होते. टाकी पुसून टक आवाज येईपर्यंत आत बसवली. लाल दिवा गेला. यंत्र मात्र गप्प.

"बिघडवलंत," काका म्हणाले.

मी म्हटलं, तीन मिनिटं थांबा. एकदा बंद पडलं की कॉम्प्रेसर लगेच उठत नाही, आतला दाब समान व्हावा लागतो. काका घड्याळ बघत उभे राहिले. मी ओल्या हातांनी उभा राहिलो. मोठी तीन मिनिटं होती ती. तेवढ्यात त्यांनी मोबाइलवर हिशेब करून मला ऐकवलं, की एक टीएमसी म्हणजे २,८३० कोटी लिटर, आणि तुमचं यंत्र रोज पाच लिटरने चाललं तरी एक टीएमसी भरायला दीड कोटी वर्षं लागतील. हा हिशेब मी नंतर करून पाहिला. बरोबर आहे.

कॉम्प्रेसर उठला, पण वरून येणारा वारा मेलेला. मागची जाळी काढली. फिल्टरवर करडी गोधडी जमली होती. हा फिल्टर दोन आठवड्यांनी साफ करायचा असतो, कारण तो तुंबला की हवा कमी जाते, पाणी कमी येतं आणि कधी कधी कॉइलवर चक्क बर्फ धरतो. हे सगळं माहितीपुस्तिकेत आहे. कोमट पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण वाळवा, मगच बसवा. फिल्टरशिवाय यंत्र चालवू नका. हेअर ड्रायर वापरू नका.

आता बघा. यंत्र घेतलं का, तर घरात काही वाळत नाही म्हणून. यंत्र चालायला फिल्टर वाळलेला हवा. फिल्टर वाळायला हवा कोरडी हवी. हवा कोरडी व्हायला यंत्र चालू हवं. पुस्तिका लिहिणाऱ्याने पुण्यातला जुलै पाहिलेला नाही. एक जादा फिल्टर खोक्यात टाकायला किती खर्च आला असता? पुस्तिका आठ भाषांत छापायला पैसे आहेत, त्यांत मराठी नाही ते नाहीच.

फिल्टर धुऊन पंख्याखाली टांगला. "म्हणजे आज पुरवठा बंद?" काकांनी विचारलं. आणि इथे माझं डोकं फिरलं.

मी म्हटलं, "काका, तुम्ही नेता ते पाणी नुसत्या हवेतलं नाही. तुमच्या गच्चीतलं आहे."

कारण खरं दुखणं ते आहे. गच्ची गळते. वरचं पाणी भिंतीत मुरतं, भिंतीतून खोलीत येतं, ते यंत्र गोळा करतं, आणि गच्चीतून पुन्हा येतं. यंत्र ओल ओढतं, गळती थांबवू शकत नाही. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा अर्ज मी दर वर्षी देतो. मे महिन्यात देतो तेव्हा मजूर गावी गेलेले असतात. जुलैत पावसात काम होत नाही. दिवाळीनंतर पाऊस संपलेला असतो, मग घाई कसली? अर्जावर 'कमिटीपुढे ठेवू' असा शेरा काकांच्याच सुवाच्य अक्षरात असतो. खालच्या मजल्यांना ओल नाही, त्यामुळे सभेत मी बोलायला उभा राहिलो की लोक चहाचं बघायला उठतात. रंग दोनदा दिला, पोपडे धरून पडला. यंत्राचं वीजबिल मी भरतोय. हे सगळं मी काकांना उभ्या उभ्या सुनावलं. आवाज चढला होता. पांघरूण उठून बसलं.

काका विचारात पडले. मला वाटलं, लागलं मनाला.

"गच्चीतलं म्हणता?"

"हो!"

"गच्ची सामाईक आहे."

"तेच तर सांगतोय!"

"मग त्यातून येणारं पाणी सोसायटीचंच झालं की हो."

आणि कॅन उचलून ते निघाले. जाताना वळून यंत्राची मागची बाजू पुन्हा एकदा बघितली. तिथे पाइप जोडायला एक भोक असतं. पाइप लावला की टाकी उपसायला नको, पाणी आपोआप वाहून जातं. पंप वगैरे नसतो, फक्त पाइपला सलग उतार हवा आणि कुठे मुडपलेला नको. काका राहतात आमच्या बरोबर खाली.

दुपारी ते टेप घेऊन आले. चारनंतर, कारण एक ते चार झोप. खिडकीच्या चौकटीतून पाइप खाली सोडला तर त्यांच्या गॅलरीपर्यंत पाच मीटर पुरतो, असं निघालं. "तुमचीच रोजची कटकट वाचेल," म्हणाले. पाइपसाठी ती खिडकी थोडी उघडी ठेवावी लागेल हे मी दाखवून दिलं. त्यावर, भोक पाडा, भिंत तशीही खराबच आहे, असं उत्तर मिळालं.

मी म्हटलं, ठीक आहे. पाइप लावतो. पण बदल्यात गच्चीचं काम या सभेत मंजूर करा.

काकांनी टेप खटकन मिटली. शिकवणीतल्या ढ मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे पाहिलं.

"अहो, गच्चीचं काम केलं तर हे पाणी बंद नाही का होणार?"

पाइप आलाय. पारदर्शक, अर्धा इंची. बिल माझ्या नावावर आहे, आणि फिल्टर अजून ओलाच आहे.