नॅक बंद करून काय साधणार?

प्राध्यापकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मजकूर सध्या जोरात फिरतोय. म्हणणं थोडक्यात असं: नॅक, म्हणजे महाविद्यालयं-विद्यापीठांचं मूल्यांकन करणारी राष्ट्रीय परिषद, येण्याआधी विद्यापीठं उत्तम चालत होती, मूल्यांकन म्हणजे नुसता फायलींचा खेळ, ग्रेड विकत मिळते, विद्यार्थ्याच्या पदरात काही पडत नाही आणि शिक्षकांचा वेळ मात्र जातो, तेव्हा हे सगळं बंद करा. मी रसायनशास्त्र शिकवते आणि आमच्या आयक्यूएसीचं, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाचं, काम काही वर्षं केलंय. त्या मजकुरामागचा राग मला कळतो. निष्कर्ष मात्र साफ चुकीचा वाटतो.

'पूर्वी असलं काही नव्हतं.' नॅक १९९४ साली स्थापन झालं, हे खरं. पण तपासणी त्याहून फार जुनी. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ निघालं ते परीक्षा घेऊन पदव्या देण्यासाठी. शिकवण्याचं काम महाविद्यालयांकडे होतं. ती महाविद्यालयं नीट शिकवतात का, हे नियमितपणे पाहण्याची तरतूद १९०४ च्या विद्यापीठ कायद्याने आणली. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी त्या कायद्याला कडाडून विरोध केला, कारण विद्यापीठं सरकारच्या मुठीत जातील अशी त्यांना भीती होती. तपासणी कोणाच्या हातात असावी, हा प्रश्न आजही रास्त आहे. पण तपासणीच नको, ही मागणी निराळी.

'नुसती कागदांची रंगरंगोटी.' ही मी डोळ्यांनी पाहिली आहे. नॅकची तपासणी समिती येणार म्हणून रातोरात भिंती रंगवलेल्या, कुंड्या भाड्याने आणलेल्या, पाच वर्षांची इतिवृत्तं मागच्या तारखा घालून आठवड्याभरात लिहून काढलेली. त्याची मला लाज वाटते. पण त्याच फायलींमध्ये विद्यार्थ्यांच्या अभिप्रायाचे अर्ज असतात आणि ते सहसा कोणी वाचत नाही. एका वर्षी मी ते गठ्ठे घरी नेऊन वाचले. वेगवेगळ्या हस्ताक्षरांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा होती: 'प्रॅक्टिकल पाचला सुटतं, लायब्ररी पाचला बंद होते.' आमची निम्मी मुलं खेड्यांतून एसटीने येतात. संध्याकाळी उशिरापर्यंत लायब्ररी उघडी ठेवली तर त्यांची शेवटची गाडी चुकणार. म्हणून सकाळी आठला उघडायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात टेबलं भरली.

दुसरी गोष्ट उत्तरपत्रिकांची. कोणत्या विषयातून विद्यार्थ्याला नेमकं काय यायला हवं आणि ते आलं का, हे नॅकच्या चौकटीत दाखवावं लागतं. बरेच जण तो तक्ता अंदाजपंचे भरतात. आम्ही एका सत्रात प्रश्नवार गुण मांडले. द्रावणाच्या तीव्रतेवरचं गणित निम्म्याहून जास्त मुलांनी कोरं सोडलं होतं. मुलांना बसवून विचारलं, तर गणिताची अडचण नव्हतीच. मराठी माध्यमातून आलेल्यांना 'नॉर्मॅलिटी' आणि 'मोलॅरिटी' यांतला फरक इंग्रजीतून कळलाच नव्हता. मग आम्ही दोन पानांचं मराठी टिपण केलं आणि टायट्रेशनच्या आधी अर्धा तास तेवढंच शिकवलं. एवढी वर्षं शिकवूनही हे माझ्या लक्षात आलं नव्हतं; तक्ता प्रामाणिकपणे भरला तेव्हा आलं.

'ग्रेड विकत मिळते.' यावर गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये नॅकच्या तपासणी समितीचे अध्यक्ष आणि सदस्य यांना सीबीआयने लाच प्रकरणात अटक केली. त्याआधी २०२३ मध्ये पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन यांनी गैरप्रकारांबद्दल आवाज उठवून नॅकच्या कार्यकारी समितीचं अध्यक्षपद सोडलं होतं. दोषींना शिक्षा झालीच पाहिजे. पण समितीच्या पलीकडे आणखी एक तपासनीस आहे, तो म्हणजे आपण. संस्थेचा स्वयंमूल्यमापन अहवाल तिच्या संकेतस्थळावर टाकावा लागतो. अहवालात दहा स्मार्ट वर्ग लिहिले असतील आणि पडदा एकाच खोलीत असेल, तर तिथे शिकणारी मुलगी ते पाच मिनिटांत सांगेल. मूल्यांकनच बंद केलं तर हा अहवालही जाईल आणि तिच्या हाती धरायला काहीच उरणार नाही.

'विद्यार्थ्याला काय मिळतं?' ग्रेडच्या अक्षरातून फारसं काही नाही, हे मला मान्य आहे. नॅकनेही जानेवारी २०२४ मध्ये अक्षरं सोडून 'मान्यता आहे किंवा नाही' अशा पद्धतीकडे जायचं जाहीर केलं. पण निकषांमध्ये बरंच काही असतं. शेवटच्या पेपरनंतर निकाल किती दिवसांत लागला, हे विद्यापीठांना सांगावं लागतं. २०१७ मध्ये उत्तरपत्रिकांच्या ऑनलाइन तपासणीच्या गोंधळात मुंबई विद्यापीठाचे निकाल लांबले आणि मुलांचे पुढचे प्रवेश टांगणीला लागले. त्या मुलांना विचारा, हा आकडा किती महत्त्वाचा आहे.

'शिक्षकांचा वेळ जातो.' जातो, आणि फार जातो. माहिती जमवायला लिपिक नाही, संगणक जाणणारा माणूस नाही, सगळं त्याच दोन-चार शिक्षकांच्या गळ्यात. पण माणसं कमी का आहेत? पदं भरली जात नाहीत आणि तासिका तत्त्वावर काम भागवलं जातं म्हणून. मंजूर पदं किती आणि त्यांवर पूर्णवेळ शिक्षक किती, हा आकडाही नॅकच्या अहवालात लिहावाच लागतो, आणि तो प्राचार्यांच्या सही-शिक्क्याने जातो. आमच्या विभागात मंजूर पदं पाच आहेत, भरलेली दोन. पदभरतीचं निवेदन घेऊन जाताना आम्ही दरवेळी तेच पान जोडतो.