फायरवायर हरलं, म्हणून बाजार चुकला?

‘एकदा दुय्यम हार्डवेअर रुजलं की बाजार त्यातच अडकतो, चांगलं तंत्रज्ञान मागे पडतं’ असा एक दावा सगळीकडे फिरतोय. पुरावे तीन: यूएसबीपुढे हरलेलं फायरवायर (यूएसबीसारखंच, उपकरणं कॉम्प्युटरला जोडायचं केबल-पोर्ट), आयएसए स्लॉटपुढे (पीसीत जादा कार्डं बसवायची जुनी खाच) हरलेलं आयबीएमचं मायक्रो चॅनल आणि हटता न हटणारा एक्स८६ प्रोसेसर, म्हणजे इंटेल-एएमडीच्या पीसींमधल्या चिपचा जुना घाट. तिन्ही उदाहरणं खरी आहेत, पण अर्धीच सांगितलेली.

आधी फायरवायर. त्याचा वेग सेकंदाला ४०० मेगाबिट, सुरुवातीच्या यूएसबीचा जेमतेम १२. पण माउस, कीबोर्ड, प्रिंटरला १२ पुरत होते. यूएसबीत बरंचसं काम कॉम्प्युटरच करतो, त्यामुळे उपकरणातली चिप स्वस्त पडायची. फायरवायरची चिप मुळातच महाग, त्यात ॲपलने एका टप्प्यावर दर पोर्टमागे एक डॉलर मागितला. पुढे रक्कम उतरली, पण तोवर इंटेल यूएसबी २.० या जास्त वेगवान आवृत्तीच्या मागे लागली होती. आणि जिथे वेग हवाच होता तिथे लोकांनी फायरवायरच घेतलं. त्या काळातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्यांना विचारा. मिनी डीव्ही कॅमेऱ्याची तासाभराची टेप कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला तासच लागायचा, हार्ड डिस्कवर सुमारे १३ जीबी जागा जायची, आणि त्यासाठी पीसीत वेगळं फायरवायर कार्ड बसवलेलं असायचं. घरोघरी यूएसबी होतं म्हणून त्यांचं काही अडलं नाही.

मायक्रो चॅनल १९८७ मध्ये आलं. आयएसएपेक्षा सरस होतंच. पण जुनी कार्डं त्यात बसत नव्हती आणि इतर कंपन्यांना ते वापरायचं तर आयबीएमला पैसे मोजावे लागत. ग्राहकाने हातातली कार्डं फेकून का द्यावीत? १९९२ मध्ये इंटेलचं पीसीआय, म्हणजे कार्डांसाठीचा नवा स्लॉट, आलं. मदरबोर्डवर आयएसएच्या शेजारीच त्याचे स्लॉट असल्याने जुनं वापरता वापरता नवं घेता आलं, आणि काही वर्षांत आयएसए हद्दपार झालं. बाजार खरोखर अडकला असता तर हे घडलंच नसतं.

एक्स८६ चा मुद्दा यांतला सगळ्यात भक्कम, आणि तो झटकून टाकू नये. जुनी सॉफ्टवेअर सोडवत नाहीत हे खरंच आहे. इंटेलच्याच इटेनियम या नव्या घाटाच्या प्रोसेसरचं घोडं तिथेच अडलं. २००३ मध्ये एएमडीने जुनी सॉफ्टवेअर जशीच्या तशी चालवणारा ६४ बिट प्रोसेसर आणला आणि पुढच्याच वर्षी इंटेलला त्याच वाटेने जावं लागलं. पण २०२० पासून ॲपलने मॅकमधून एक्स८६ काढायला घेतला, तेव्हा जुनी सॉफ्टवेअर भाषांतर करून चालवण्याची सोय आधी केली. लोकांनी ते मॅक घेतले.

अडकणं पाहायचंच असेल तर आयफोनचं लायटनिंग, म्हणजे त्याचं खास चार्जिंग पोर्ट, पाहा. मालक एकच, दुसरा पर्याय नाही. २०१२ ते २०२३ आयफोनवर तेच होतं, वेगही यूएसबी २.० चाच. टाइप-सी आलं ते युरोपीय संघाने कायदा केल्यावर.