ड्रिंक्स पॅकेजचा हिशोब केबिनचा करा

क्रूझला जायचं ठरलं की तिकिटावर घासाघीस होते. विमान पुण्यातून धरायचं की मुंबईतून, यावर वाद होतो. बाल्कनीची केबिन घ्यायची की आतली, यावर व्हॉट्सॲप ग्रुपवर रात्र रात्र चर्चा चालते. पण ड्रिंक्स पॅकेजचा, म्हणजे दिवसाला ठरावीक रक्कम आधीच भरून जहाजावर दारू, कॉफी, ज्यूस घ्यायच्या योजनेचा, विषय निघाला की पाच मिनिटांत "सगळेच घेऊन टाकू" म्हणून मोकळे होतात. आमच्या ग्रुपमध्येही परवा तसंच झालं. तिथे मी दोन ओळींत विरोध नोंदवला. इथे सविस्तर लिहितेय, कारण सांगली-मिरजेतून सिंगापूरच्या क्रूझला जाणारी बरीच कुटुंबं आता ओळखीत झालीत आणि जवळजवळ प्रत्येकाचा हा निर्णय असाच घाईत झालेला दिसतो.

माझं म्हणणं सरळ आहे. पॅकेज घ्यायचं की नाही हे ग्रुपने ठरवायचंच नाही, ज्याने त्याने आपापल्या केबिनपुरतं ठरवायचं. आणि ज्या केबिनमध्ये एकच माणूस पिणारा आहे, तिथे ते घेऊ नये.

यामागे एक नियम आहे. एजंट तो शेवटी सांगतात किंवा सांगतच नाहीत. क्रूझ कंपनी रॉयल कॅरिबियन असो की कार्निव्हल, केबिनमधल्या एका प्रौढाने दारूचं पॅकेज घेतलं की त्याच केबिनमधल्या, पिण्याच्या वयात बसणाऱ्या बाकीच्या सगळ्यांनाही ते घ्यावं लागतं. एकाच्या कार्डावर (जहाजावरची खरेदी केबिनच्या कार्डावरच चढते) दोघं पितील ही कंपन्यांची भीती, आणि कंपनीच्या बाजूने ती रास्तही आहे. पण आपल्याकडे याचा अर्थ काय होतो? नवरा पितो, बायको थेंबालाही शिवत नाही, आणि पैसे दोघांचे भरायचे.

आता आकडे मांडते. पॅकेजचे दर जहाजाप्रमाणे, तारखेप्रमाणे बदलतात, म्हणून उदाहरणादाखल दिवसाला माणशी 70 डॉलर धरू. त्यावर 18 टक्के सर्व्हिस चार्ज, म्हणजे 82.60. दोघांचे दिवसाला 165 डॉलर आणि चार रात्रींचे 660. रुपयात पन्नास हजारांच्या वर. सुटा पेग किंवा कॉकटेल 12 डॉलरला धरा, त्यावरही 18 टक्के, म्हणजे 14.16. दोघंही पिणारे असतील तर माणशी सहा ग्लासांत पॅकेजचे पैसे फिटतात. एकटा नवरा पिणारा असेल तर ते फिटायला त्याला दिवसाला बारा ग्लास प्यावे लागतील. दिवसाला बारा, आणि तेही चारही दिवस!

आमच्या ग्रुपमध्ये हळदीचे व्यापारी आहेत. मार्केट यार्डात कांडी मोडून आतला रंग बघितल्याशिवाय ते बोली लावत नाहीत. त्याच माणसांनी या पॅकेजच्या अटी न वाचता "घ्या" म्हणून सांगितलं, याचं मला मनापासून वाईट वाटलं.

मुलांचाही मुद्दा आहे. महाराष्ट्रात विदेशी दारूसाठी कायद्याने वय 25 लागतं, त्यामुळे वालचंद कॉलेजला दुसऱ्या वर्षाला असलेला मुलगा आपल्या हिशोबात पोरच असतो. पण आशियातून सुटणाऱ्या रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर पिण्याचं वय 18 आहे. म्हणजे आईवडिलांच्याच केबिनमध्ये झोपणाऱ्या त्या मुलाचंही तिसरं पॅकेज आलं. मुलाच्या जागी माळकरी सासूबाई असतील तर त्यांचंही आलं. ज्या बाईने जन्मात कांदा-लसूण खाल्ला नाही, तिच्या नावावर कॉकटेलचे 330 डॉलर!

"पण वहिनी, तुम्ही ज्यूस घ्या की, मॉकटेल घ्या, कॉफी घ्या, पैसे कुठं वाया जातात?" हे मला ग्रुपवर ऐकवलं गेलं. मग तेही धरू. मी दिवसाला एक चांगली कॉफी, एक ताजा ज्यूस आणि एक मॉकटेल घेतलं तर सर्व्हिस चार्ज धरून 20-22 डॉलर होतील. ते वजा केले तरी ह्यांना दहा ग्लास उरतातच. शिवाय नेहमीच्या क्रूझवर बुफेतलं पाणी, साधा चहा, साधी कॉफी, लेमोनेड आणि नाश्त्याच्या वेळचे ज्यूस तिकिटातच असतात. आपल्या बायकांना सकाळी उठल्यावर वाफाळता चहा लागतो, तो तिथे फुकट आहे. आलं घातलेला मिळत नाही एवढंच.

दिवसही पूर्ण मिळत नाहीत. पॅकेज पूर्ण सफरीचं घ्यावं लागतं. आज घेतलं, उद्या नको, असं चालत नाही. पहिल्या दिवशी जहाजावर पाऊल ठेवेपर्यंत दुपार झालेली असते. पेनांग किंवा फुकेतला उतरलात की दिवस बाहेरच जातो आणि तिथल्या हॉटेलात हे पॅकेज काही कामाचं नाही. आणि आपला गुरुवार? आपल्या भागात गुरुवारी न पिणारे पुरुष किती आहेत ते मी सांगायला नको. वाडीला, औदुंबरला नेमाने जाणारी माणसं जहाजावर गेली म्हणून गुरुवार सोडणार नाहीत, आणि सोडूही नये. कुणाचा सोमवार असतो, कुणाची संकष्टी. पॅकेज मात्र त्या दिवसाचेही पैसे घेतं.

पैशाचं एवढं लिहिलं, पण मला खरी काळजी वेगळीच आहे.

मागच्या क्रूझवर एक दृश्य मी स्विमिंग पूलशेजारी बसून बघितलं. सकाळचे अकरा वाजले असतील. आपल्याच बाजूचे एक गृहस्थ, साठीच्या आसपासचे, बोलण्यावरून कराड-इस्लामपूरकडचे. हातात निळ्या रंगाचा ग्लास, अर्धा भरलेला, बर्फ वितळून वरचा थर पांढरट झालेला. तो तसाच बाजूला ठेवून ते दुसरा आणायला उठले. बायको म्हणाली, "अहो, हा संपवा तरी आधी." ते म्हणाले, "पैसे भरलेत, वसूल नको करायला?" तोंडावर मजा नव्हती त्यांच्या. कामाला निघालेल्या माणसासारखे ते बारकडे गेले. बाई गळ्यातल्या दोरीला अडकवलेलं स्वतःचं कार्ड बोटांत फिरवत बसून राहिल्या. त्या कार्डावरही तेच पॅकेज होतं.

हा त्या गृहस्थांचा स्वभावदोष नाही. पैसे आधी भरले की माणूस असाच वागतो. आर्क्स आणि ब्लूमर या दोन अमेरिकन संशोधकांनी नाटकाच्या सीझन तिकिटांवर, म्हणजे अख्ख्या हंगामासाठी एकदम काढलेल्या तिकिटांवर, केलेला एक अभ्यास 1985 साली प्रसिद्ध झाला. काहींना पूर्ण किमतीत तिकिटं दिली, काहींना सवलतीत. सीझनच्या पहिल्या टप्प्यात पूर्ण पैसे भरलेले लोक जास्त नाटकांना गेले. नाटक जास्त बघितलं तर बिघडत नाही. दारूचं तसं नाही. कार्निव्हलच्या पॅकेजमध्ये 24 तासांत दारूच्या 15 ग्लासांची मर्यादा आहे. दिवसाला पंधरा! एवढी वरची रेघ कंपनीला आखावी लागते, यातच काय ते समजा.

आपल्या ग्रुपांमध्ये पन्नाशी-साठीची माणसं असतात. निम्म्यांना साखर, निम्म्यांना बीपी, कुणाच्या छातीत स्टेंट. घरी शनिवारी दोन पेग घेणारा माणूस जहाजावर सहा-सात घ्यायला लागला तर गोळ्यांचं, जेवणाच्या वेळांचं, झोपेचं सगळं गणित फिसकटतं. त्यात बोट लागते म्हणून ॲव्होमिनसारखी गोळी घेतलेली असते. त्या गोळीने मुळातच झोप येते, दारूने गुंगी आणखी वाढते, आणि वर हलणाऱ्या जहाजाचे जिने. दारूची कुठलीच पातळी आरोग्याला सुरक्षित नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितलंय. मी कुणाला पिऊ नका म्हणत नाही, आमच्याकडेही घेतात. पण घरी जेवढी घेता तेवढीच तिथे घ्या, एवढं म्हणायचा हक्क बायकोला आहे आणि मित्रांनाही आहे. पॅकेज त्या म्हणण्याच्या आड येतं.

ग्रुपने सगळ्यांसाठी ठरवायला माझा विरोध आहे तो बायकांमुळे. आमच्यातल्या दोघी-तिघींनी या सहलीचे पैसे भिशीतून साठवलेत. एक वहिनी मला फोनवर म्हणाल्या, "सगळे घेतायत, आम्हीच नको म्हटलं तर कसं दिसतं?" मित्रांसमोर नवऱ्याची मान खाली जाऊ नये म्हणून ती बाई गप्प बसणार आणि तेवढ्या पैशात फुकेतला बघायचं काहीतरी सोडून देणार. हे मला पटत नाही. पुरुष मंडळींनीच ग्रुपवर मोकळेपणाने लिहावं की ज्यांना नको त्यांनी घेऊ नये, टेबल सगळ्यांचं एकच राहील. एवढ्या एका ओळीने कितीतरी बायकांचा जीव हलका होईल.

पॅकेजवाल्यांचा दुसरा मुद्दा, "दर वेळी बिल बघायला नको, निवांत वाटतं." तो मला थोडासा पटतो. सुट्टीत डॉलरचे रुपये करत बसलं की घास गोड लागत नाही. पण त्यावर उपाय आहे. जहाजावरच्या बारमध्ये रोख चालत नाही, सगळं केबिनच्या कार्डावर चढतं, आणि तो हिशोब ॲपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर बघता येतो. आम्ही रोज रात्री झोपताना एकदा बघायचो, दिवसभर विसरून जायचो. एकच लक्षात ठेवा. बारच्या पावतीवर सर्व्हिस चार्ज आधीच लागलेला असतो आणि खाली जादा टिपसाठी एक मोकळी रेघ असते. ती भरायलाच हवी असं समजून आपले लोक पुन्हा रक्कम लिहितात. रेघ मारा आणि सही करा. शेवटचं बिल भारतीय क्रेडिट कार्डावर गेलं की बँकेचा परकीय चलनाचा आकार आणि त्यावर जीएसटी लागतो, तोही आधी विचारून ठेवा.

कुणी घ्यावं? आमच्याच ग्रुपमध्ये एक जोडपं आहे. दोघंही घेतात, दोघांनाही कॉकटेल आवडतात, दिवसाला तीन-तीन कॉफी लागतात, बाटलीबंद पाणी आणि कोकची सवय आहे, आणि वारांचं बंधन नाही. त्यांनी बेलाशक घ्यावं. फक्त जहाजावर गेल्यावर घेऊ नका. निघण्याआधी कंपनीच्या साइटवर ते बहुतेक वेळा स्वस्त पडतं, आणि रॉयल कॅरिबियनमध्ये घेतल्यानंतर दर उतरला तर निघण्यापूर्वी रद्द करून नव्या दराने परत घेता येतं. एकच जण पिणारा असेल आणि तरीही पॅकेज हवंच असेल, तर दुसऱ्यासाठी बिनदारूचं पॅकेज देता का, हे एजंटला न विचारता थेट कंपनीला फोन करून विचारा. आजारपण, औषधं असं कारण असेल तर आवर्जून सांगा. काही जण पिणाऱ्या दोन मित्रांना कागदोपत्री एका केबिनमध्ये घालतात आणि त्यांच्या बायकांना दुसऱ्या. चालतं ते, पण मग कार्डाला, किल्लीला, आणीबाणीच्या यादीला सगळीकडे तीच जोडी लागते. मला ते नको वाटतं.

आमच्या केबिनचं ठरलंय, पॅकेज नाही. हे संध्याकाळी दोन घेणार, गुरुवारी नाही. मी रोज एक कॉफी आणि दोन संध्याकाळी मॉकटेल घेणार. सगळं मिळून सव्वाशे-दीडशे डॉलर होतील. उरलेल्यातून फुकेतला सगळ्या बायकांसाठी दिवसभराची बोट ठरवायची असं मी सुचवलंय. तिघींनी होकार कळवलाय, बाकीच्यांनी रविवारपर्यंत कळवा, म्हणजे एजंटला आकडा देता येईल.