आधी सही, मग गल्ली?

गेल्या रविवारी दादाने व्हिडिओ कॉल लावला आणि गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत, कठड्यावर बिल्डरचं माहितीपत्रक पसरून दाखवलं. वाऱ्याने उडू नये म्हणून कोपऱ्यावर चहाचा कप ठेवलेला. चित्रात उंच टॉवर, खाली हिरवळ, आणि हिरवळीवर कुत्रा फिरवणारी एक गोरी बाई. (ती गिरगावात कुठून आली देव जाणे.) चाळ पाडून पुनर्विकास करायचा, त्याच्या संमतीपत्रावर सह्या याच महिन्यात हव्यात म्हणे. चाळीत भांडण चालू आहे ते कार्पेट (नव्या घराची आतली जागा) किती, ट्रान्झिटचं (बांधकाम होईपर्यंत दुसरीकडे राहायचं) भाडं किती आणि कॉर्पस (बिल्डरने द्यायची एकरकमी रक्कम) किती, एवढ्यावरच. बाजूच्या तीन चाळींनाही असेच तीन बिल्डर भेटलेत. चार टॉवरच्या गाड्या आमच्या बोळातून बाहेर कशा पडणार, खालचा गिरणीवाला कुठे जाणार, हे कुणी विचारत नाही.

मी अमेरिकेत बोस्टनजवळ राहतो, म्हणून दादाला इथलीच एक गोष्ट सांगितली. इथल्या रॉक्सबरी भागात डडली स्ट्रीट आहे, शहराच्या मध्यापासून दोन मैलांच्या आत. ऐंशीच्या दशकात तिथली जवळजवळ एक तृतीयांश जमीन ओसाड पडली होती. बँका कर्ज देईनात, घरं जळत किंवा जाळली जात, आणि रिकाम्या जागांवर बाहेरचे लोक ट्रक भरभरून कचरा ओतत. १९८४ मध्ये एका धर्मादाय फाउंडेशनच्या मदतीने वस्ती सुधारायची योजना निघाली. १९८५ च्या सभेत चर्चच्या हॉलमध्ये कार्यकारिणीचा प्रस्ताव मांडला गेला, तर त्यात रहिवाशांना मोजक्याच जागा! तुमच्यातले किती जण इथे राहतात, असं लोकांनी मंचावरच्यांना तोंडावर विचारलं. प्रस्ताव बदलावा लागला, बहुमत रहिवाशांचं झालं. कृष्णवर्णीय, लॅटिनो, केप व्हर्डहून आलेले आणि गोरे, चौघांना सारख्या जागा.

पहिलं काम त्यांनी कचऱ्याचं घेतलं, ते मला फार आवडतं. बेकायदा टाकलेल्या कचऱ्याविरुद्ध १९८६ मध्ये मोहीम काढली, पालिकेला हलवलं. आराखडा त्यानंतर, आणि तोही वस्तीने आपला आपण करून घेतलेला. १९८८ मध्ये तर वस्तीतल्या खासगी ओसाड जमिनी सक्तीने संपादन करायचा अधिकार शहराने या रहिवाशांच्या संस्थेला दिला. अमेरिकेत ही विरळा गोष्ट. जमीन ट्रस्टच्या नावावर राहिली, घरमालकांना ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर; घर विकता येतं, पण किमतीला मर्यादा.

हे सगळं ऐकून दादा म्हणाला, "अरे, तुझ्या त्या डडलीत जमीन कुणाला नको होती. इथे एका खोलीसाठी सख्खे भाऊ कोर्टात जातात."

बरोबर आहे त्याचं. पागडीची (आगाऊ रक्कम देऊन भाड्याने घेतलेली) खोली, डोक्यावर मालक, पावसाळ्यात टेकू लावलेला जिना. अशा माणसाला आराखड्याबद्दल प्रवचन द्यायचा मला हक्क नाही. मी स्वतः रॉक्सबरीत राहत नाही, उपनगरात राहतो, जिथे शेजाऱ्याने कुंपण कुठल्या रंगाचं लावावं यावर सभा होतात. शिवाय नव्या फ्लॅटमध्ये माझाही वाटा आहे, तेव्हा जास्त कार्पेट मलाही गोडच लागतं.

पण आपल्याकडे जमत नाही, हे मला मान्य नाही. २०१५ मध्ये मुंबईच्या विकास आराखड्याच्या मसुद्यावर हजारो हरकती गेल्या आणि सरकारला तो रद्द करून नव्याने करायला लावावा लागला. अडचण निराळी आहे. पुनर्विकासात आपल्याला विचारतात ते सुटंसुटं, खोलीगणिक. हो म्हणा किंवा नाही म्हणा. काय बांधायचं ते आधीच ठरलेलं. डडलीत वस्तीने आधी ठरवलं आणि मग बांधणाऱ्याला बोलावलं. हा क्रम उलटवायला ओसाड जमीन लागत नाही. चारही चाळींनी सह्या थोपवून एकत्र बसावं, आपला एक वास्तुविशारद नेमावा आणि बोळ, पाणी, दुकानं यांचा एकच कागद चारही बिल्डरांपुढे ठेवावा, एवढं मी दादाला सुचवलं.

"चार चाळी एकत्र? आमची गच्चीची किल्ली कुणाकडे राहावी यावर दोन वर्षं बोलणं बंद आहे."

"आणि गणपतीची वर्गणी?"

तो हसला. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून गणपती बसतोय, आमचा त्या मानाने पोरसवदा, पण चारही चाळींचा एकच. वर्गणीचा हिशेब दरवर्षी फळ्यावर लागतो, पै न् पै.

"सही दसऱ्यापर्यंत लांबवून बघतो," दादा म्हणाला. "मीटिंग मंडपातच घेऊ. आरतीनंतर, प्रसाद वाटायच्या आधी. नाहीतर कुणी थांबायचं नाही."