टपावरच्या अँटेनाने फोन टॅप होत नाही
जळगाव-धुळ्याच्या ग्रुपांवर एक फोटो फिरतोय: महामार्गाकडेला गाडी, टपावर उभी काडी, खाली ‘फोन टॅप करणारी गाडी, सावध राहा!’ तसलं काही नाही. ती हॅम रेडिओची, म्हणजे हौशी लोक एकमेकांशी बोलायला वापरतात त्या रेडिओची अँटेना आहे. १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलायला पाव तरंगलांबीची, म्हणजे जेमतेम अर्ध्या मीटरची काडी पुरते. बुडाशी लोहचुंबक, आणि टपाचा पत्रा हा अँटेनाचाच अर्धा भाग. म्हणून ती कधी टपाच्या मधोमध, कधी डिकीवर ठेवून आवाज कुठून स्वच्छ जातो ते पाहतात. चोरून ऐकणारा एवढी काडी मिरवेल कशाला? मोबाईल चालतात ७०० मेगाहर्ट्झपासून पुढे, तेही सांकेतिक रूपात. हॅम रेडिओवाल्याला मात्र परीक्षा देऊन सरकारी परवाना घ्यावा लागतो, आणि उघड बोलावं लागतं.