‘दहा मिनिटांत संपलेले पुस्तक’ : आपल्या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

सोलापूरच्या नवी पेठेतील आमच्या दुकानाला दोन तारे देऊन आपण लिहिलेला अभिप्राय मी दोनदा वाचला. ‘वाचायला शिकणाऱ्या मुलांसाठी’ अशी पाटी असलेल्या फळीवरून आपण दुसरीतल्या मुलीसाठी ३२० रुपयांची चित्रकादंबरी नेली. तिने ती दहा मिनिटांत, नुसती चित्रे बघून संपवली. संवादांच्या फुग्यांतली अक्षरे आपल्यालाही डोळ्यांजवळ धरून वाचावी लागली. आणि परत द्यायला आलात तेव्हा ‘उघडलेले पुस्तक परत घेत नाही’ असे सांगून आपल्याला पाठवून देण्यात आले. घरी तेलुगू बोलली जाते, म्हणून मुलीचे मराठी वाचन पक्के व्हावे एवढीच आपली अपेक्षा होती, आणि ‘कॉमिक्स म्हणजे काही वाचन नव्हे’ असा आपला निष्कर्ष आहे.

यातील बहुतेक तक्रार मला मान्य आहे. ते पुस्तक त्या फळीवर असायलाच नको होते. पाटी मी स्वतः लावली होती आणि पुस्तके तिथे जाडीवरून व मुखपृष्ठावरून लावली गेली होती, आतले पान बघून नव्हे. आपण आलात ते गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या, यात्रेचे दिवस होते, दुकानात उभे राहायला जागा नव्हती. पण मूल कितवीत आहे आणि जोडाक्षरे वाचते का, हे दोन प्रश्न विचारायला फार वेळ लागत नाही, तेव्हा गर्दीची सबब मी पुढे करणार नाही.

आपल्या तक्रारीनंतर मी त्या पुस्तकाची दुसरी प्रत घेऊन बसलो. मूळ पुस्तक इंग्रजी आहे आणि संवादांचे फुगे इंग्रजी वाक्यांच्या मापाने काढलेले आहेत. मराठीला ओळीच्या वर मात्रा-वेलांटीसाठी आणि खाली उकारासाठी जागा लागते. तेवढ्याच फुग्यात अनुवाद बसवायचा म्हटले की अक्षर बारीक होते आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत जाऊन अडकतो. सराईत वाचणाऱ्याला हे खटकते तरी चालते, पण अक्षर अक्षर लावून वाचणारे मूल तिथेच थांबते. शिवाय त्यातले ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे आहेत. शाळेच्या पुस्तकात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ शिकणाऱ्या मुलाला ही दोन्ही अक्षरे अनोळखी वाटू शकतात, हे इतकी वर्षे पुस्तके विकूनही माझ्या लक्षात आले नव्हते. एका पानावर नऊ-नऊ चौकटी, त्यांत एकमेकांवर चढलेले फुगे, म्हणजे कोण आधी बोलले हेही कळू नये! आपल्या मुलीने चित्रे बघून पाने उलटली यात तिचा काही दोष नाही. मीही तेच केले असते.

मात्र ‘कॉमिक्स म्हणजे वाचन नव्हे’ हे मला पटत नाही, आणि ते दुकानदार म्हणून नाही. चित्र पाहून मूल शब्दाचा अंदाज बांधते आणि आपल्याला वाटते की ते वाचते आहे, ही आपली शंका रास्त आहे. पण ती साध्या सचित्र गोष्टीला अधिक लागू पडते. तिथे खाली ‘हत्ती पाण्यात पडला’ असे वाक्य असते आणि वर पाण्यात पडलेला हत्ती असतो, म्हणून न वाचताही वाक्य म्हणता येते. चांगल्या चित्रकथेत हत्ती चित्रातच पडलेला असतो, आणि फुग्यात तो म्हणत असतो, ‘मी घसरलो नाही, मला ढकलले!’ हे चित्रावरून ओळखता येणार नाही. गंमत कळायची तर फुगा वाचावाच लागतो. दुसरे असे की, ‘धप्प’, ‘खट्ट’, ‘टप्प’ असे मोठ्या अक्षरांत काढलेले आवाज मूल ओरडून वाचते आणि त्या नादात जोडाक्षरही वाचून जाते. वहीत तेच जोडाक्षर दहा वेळा लिहायला सांगितले तर काय होते, ते आपण आया-बाप जाणतोच.

आपल्या घरी तेलुगू आहे, आमच्या शेजारी कन्नड आणि पलीकडच्या गल्लीत उर्दू. सोलापुरात यात नवल काहीच नाही. अशा मुलांना पाठ्यपुस्तकातले मराठी भेटते, पण बोलण्यातले मराठी छापलेले फारसे दिसत नाही. चित्रकथेत जवळजवळ सगळा मजकूर संवादांचाच असतो. (ते संवाद सोलापुरी ढंगाचे कधी होतील, हा वेगळा प्रश्न.)

खास वाचायला शिकणाऱ्यांसाठी चित्रकथा रचता येतात, याचे उदाहरण अमेरिकेत आहे. फ्रान्स्वाज मूली या संपादिकेने २००८ मध्ये ‘टून बुक्स’ ही मालिका सुरू केली, तिच्या पहिल्या पायरीच्या पुस्तकांत एका पानावर एक-दोनच चौकटी ठेवल्या, आणि नव्या वाचकांच्या पुस्तकांसाठी तिथे दिला जाणारा गायझेल पुरस्कार २०१० मध्ये याच मालिकेतील एका पुस्तकाला मिळाला. मराठीत या मापाने रचलेली पुस्तके मला फार थोडी मिळाली आहेत. त्यामुळे ती फळी आता रिकामी-रिकामी दिसते : पानावर चारपेक्षा जास्त चौकटी नाहीत, अक्षर ठळक आहे आणि ‘ल’, ‘श’ मराठी वळणाचे आहेत, अशी अकराच पुस्तके तिथे उरली. बाकीची ‘स्वतः वाचणाऱ्यांसाठी’ या फळीवर गेली.

आपले पुस्तक कृपया घेऊन यावे. पावती नसली, पान दुमडले असले, मुलीने त्यावर नाव घातले असले तरी चालेल. पूर्ण ३२० रुपये मिळतील किंवा हवे ते पुस्तक बदलून मिळेल. मुलांचे पुस्तक उघडल्याशिवाय पारखता येत नाही, म्हणून बालविभागापुरता तो नियमच आम्ही काढला आहे. तोवर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर मराठी गोष्टी पायऱ्यांनुसार लावलेल्या फुकट वाचता येतील. पुस्तकविक्रेत्याने हे सांगावे का, यावर घरी माझी थट्टा झाली.

शक्य झाल्यास मुलीला बरोबर आणावे, दुपारी चारच्या आधी, म्हणजे गर्दी नसते. एका पात्राचे फुगे तिने आणि दुसऱ्याचे आपण वाचावे, मग अदलाबदल करावी. दोन पाने अशी दुकानातच वाचून पाहावी आणि ती कुठे अडखळते ते बघूनच पुस्तक ठरवावे. बसायला बाक ठेवला आहे.

आपला नम्र,
दुकानमालक