आगाऊ कराची नजरअंदाज पैसेवारी

गावात बसून परदेशातल्या गिऱ्हाइकांच्या वेबसाइट बनवता, पैसे थेट खात्यात येतात आणि टीडीएस कोणी कापत नाही. म्हणजे कर तुम्हाला लागूच नाही! तरी एखादा शहाणा भेटतोच, "वर्षाचा कर दहा हजार निघाला की आगाऊ भरावा लागते भाऊ," म्हणणारा. त्याला चहा पाजा आणि विषय कापसाच्या भावावर न्या.

तारखा तरी कशा काढल्या पाहा. १५ जूनपर्यंत १५ टक्के. तेव्हा तुमचे डॉलर बियाण्याच्या थैल्यांत गेलेले असतात. १५ सप्टेंबरपर्यंत एकूण ४५, पोळ्याचा खर्च अंगावर असताना. १५ डिसेंबरपर्यंत ७५, ऐन वेचणीत. १५ मार्चला पूर्ण.

अंदाजाचं म्हणाल, तर आपल्याकडे तयार पद्धत आहे : पैसेवारी, म्हणजे नेहमीच्या पिकाच्या रुपयामागे यंदा किती पैसे पीक आलं याचा सरकारी हिशेब. सप्टेंबरअखेर नजरअंदाज, ऑक्टोबरअखेर सुधारित, ३१ डिसेंबरला अंतिम. कमाईची तशीच काढा. नजरअंदाज बांधावरूनच करायचा असतो, म्हणून बँकेचे मेसेज उघडू नका. जूनमध्ये आलेले दीड लाख धरू नका. पीक अजून उभं आहे, गिऱ्हाईक पळालं तर? अंतिम ४८ पैसे जाहीर करून मोकळे व्हा. ५० च्या आत आलं की कर्जवसुलीला स्थगिती, पंपाच्या बिलात ३३.५ टक्के सूट, पोरांची परीक्षा फी माफ. आयकर खात्याला हे माहीत नसेल, तर त्यांचा अभ्यास कच्चा.

"१२ लाखांपर्यंत कर नाही" हे वाक्यही अर्धंच ऐका. उत्पन्न १३ लाख झालं तर कर फक्त वरच्या लाखावर, असं पारावर कधीच ठरलेलं आहे. पोर्टल मात्र ४ लाखांच्या वरून टप्पे मोजत येतं आणि उपकरासह ७८,००० दाखवतं. पगारदारांची ७५ हजारांची वजावट तुम्हाला मिळत नाही, पण घेऊन टाका. राबतो तर आपणही. एकही हप्ता न भरता सगळं जुलैत भरलं, तर महिना १ टक्क्याने व्याज ७ हजारांच्या घरात जातं. हा दर गावच्या सावकाराला सांगून पाहा, त्याला हसू आवरणार नाही. मग भरायची घाई काहून?

इंजिनिअर, वकील, डॉक्टर अशा ठरावीक व्यावसायिकांना निम्मी जमा नफा धरून सगळा आगाऊ कर १५ मार्चला एकाच हप्त्यात भरता येतो. तुमचं काम त्यात बसतं का, हे सीएला विचारावं लागतं. तो फी घेतो. म्हणून विचारू नका.

सगळंच अंगलट आलं, तर शेतीचं उत्पन्न आहेच. त्यावर आयकर नाही. डॉलरच्या प्रत्येक जमेपुढे 'सोयाबीन विक्री' लिहा. सातबारा वडिलांच्या नावावर आणि पीकपेऱ्यात नुसती तूर, हे एखाद्या साहेबाने काढलंच, तर सांगा : यंदा अमेरिकेत भाव बरा लागला, साहेब.